बारव? ही काय, इथंच

वेशीपासून ताम्रगडापर्यंत तीन दिवसांची वाट आहे, असं खेळाच्या पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं. उत्तरा बोंद्रे तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मैत्रिणीच्या खोलीवर तिनं तो खेळ पाहिला, घड्याळ लावलं, आणि नायक वेशीतून निघून गडाच्या दरवाजात पोचला तेव्हा चार मिनिटं अकरा सेकंद झाली होती. वाटेत त्यानं दोन लांडगे मारले होते आणि एका म्हातारीला लाकडं फोडून दिली होती.

"तीन दिवस कुठं गेले?" उत्तरानं विचारलं.

"अगं, खेळ आहे तो," मैत्रीण म्हणाली.

हे उत्तर तिला त्या दिवशी पटलं नाही आणि पुढची सत्तावीस वर्षंही पटलं नाही.

'ताम्रगड'चा दुसरा भाग आला तेव्हा कंपनीनं उलटं टोक गाठलं. ताम्रदेश एकदम गुजरातएवढा केला. एवढा मुलूख हातानं कोण रचणार? म्हणून तो यंत्राकडून भरून घेतला होता. खेळाडूनं पाय तुटेस्तोवर चालावं तर पुन्हा तीच वीस घरं, तोच आड, तोच खाटेवर पडलेला पाटील. उत्तरानं अठरा गावांतले पाटील तपासले. सगळ्यांच्या डाव्या गालावर एकच तीळ होता. तेव्हा ती भूमापनाच्या नोकरीत होती. तिनं कंपनीला आलेखांसकट अकरा पानांचं पत्र लिहिलं: पहिल्या भागात माणूस देशापेक्षा मोठा वाटतो, दुसऱ्या भागात देशाला माणसाचा पत्ताच नाही, आणि दोन्ही भागांत नकाशा मात्र एकच छापलाय. ह्याला माप म्हणत नाहीत.

आठ दिवसांनी कोल्हापुरातूनच फोन आला. उद्यमनगरातल्या एका जुन्या फाउंड्रीच्या शेडमध्ये ही कंपनी चालायची, हे तिला तेव्हा कळलं. मालक धैर्यशील इंगवले म्हणाला, "ताई, एवढी चिडचिड फुकट कशाला घालवताय? आमच्याकडं या आणि पगारावर चिडा."

तशी ती अकरा वर्षं पगारावर चिडत होती. तिच्या टेबलावर 'मापतपासनीस' अशी पाटी होती. तिच्या सहीशिवाय खेळातलं एकही वाक्य, एकही पायवाट पुढं जात नसे.

तिसरा भाग तिच्या डोळ्यांसमोर घडला. देश सोडून देऊन ह्या वेळी फक्त एक खोरं घेतलं होतं. चाळीस माणसांनी पाच वर्षं खपून ते हातानं रचलं. प्रत्येक दगडावरचं शेवाळ वेगळं, प्रत्येक पाटलाचा तीळ वेगळ्या जागी. पण त्या खोऱ्यात नऊ गावं होती, आणि दोन गावांमध्ये अंतर किती, तर दोनशे पावलं!

"दीडशे मीटर," उत्तरा बैठकीत म्हणाली. "ह्या गावातल्या फोडणीनं त्या गावात ठसका लागेल, धैर्यशील. आणि गोष्टीत हे एकमेकांशी युद्ध करतात. कशासाठी? आवाज कमी करा म्हणून?"

सगळे हसले. अंतर मात्र तेवढंच राहिलं, कारण खेळणाऱ्यांना चालायचा कंटाळा येतो, असं धैर्यशीलचं म्हणणं होतं.

मग खडावा आल्या.

त्यांचं कारखान्यातलं नाव वेगळं होतं, पण फरशीवर खटखट वाजतात म्हणून कोल्हापुरात त्या खडावाच झाल्या. जाड तळव्याखाली बारीक पोलादी गोळ्या. तुम्ही पाऊल पुढं टाकलं की गोळ्या तेवढंच पाऊल अलगद मागं आणतात. डोळ्यांवर चष्मा लावायचा आणि सोप्यात उभ्या उभ्या दहा मैल चालायचं. आता खेळणाऱ्यांना चालायचा कंटाळा येईना. उलट, "अजून जागा द्या," म्हणून ओरड सुरू झाली.

आणि खडावांचा एक उपयोग त्या बनवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हता. तो डॉक्टरांनी शोधला.

उत्तराचे वडील, आप्पा, एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांना विसर पडायला लागला तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. आधी चष्मा, मग नळ, मग धाकट्या मुलाच्या, विश्वासच्या मुलींची नावं. डॉ. नाझनीन मुल्लांनी उत्तराला समोर बसवून सांगितलं, कारण ही बाई नुसत्या 'गोळ्या चालू ठेवा'वर उठणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

"कानशिलाच्या आत मेंदूचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या काही पेशी जागा ओळखतात. एक पेशी दारापाशी आलात की चमकते, दुसरी खिडकीपाशी. त्यांच्या शेजारी आणखी पेशी असतात, त्या जमिनीवर त्रिकोणांचं एक अदृश्य जाळं विणतात. पावलांवरून अंतर मोजतात. म्हणजे तुमचंच काम करतात."

"मग तिथंही कुणी ऐकत नसेल," उत्तरा म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "बोटानं बटण दाबून खेळलं तर हे जाळं अर्धवट विणलं जातं. स्वतःच्या पायांनी चाललं तर पक्कं. आणि आठवणी ह्या जाळ्याला टांगलेल्या असतात, खुंटीला सदरा टांगावा तशा. आप्पांच्या जुन्या खुंट्या निखळतायत. नवीन ठोकून देता आल्या तर बघू. तुमच्या खेळातलं ते खोरं छोटं आहे, रोज तेच आहे, आणि प्रत्येक जागा वेगळी आहे. औषध म्हणून ह्याहून चांगली जागा मला माहीत नाही."

झोपाळ्याच्या कडीला पट्टा अडकवला, तो आप्पांच्या कमरेला बांधला, पायांत खडावा घातल्या. पहिल्या दिवशी आप्पा वेशीत उभे राहिले, खोऱ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "रूट चांगला आहे. घाट नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून तिकिटांचा जुना चिमटा शोधून काढला. सकाळी सातला चहा झाला की गाडी सुटायची. चिमटा हातात टक्‌टक्‌ वाजायचा.

"पिंपळपाऽऽर! मालन चढली. सांभाळून गं, पायरी उंच आहे. टण्‌ टण्‌!"

मालन म्हणजे उत्तराची आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. कुंभारवाड्यात आप्पांचे थोरले बंधू चढायचे, चिंचबनात विश्वास आणि त्याच्या दोघी, सई आणि जुई. देवराईच्या थांब्यावर शौकत ड्रायव्हर, ज्यांच्याबरोबर आप्पांनी सोळा वर्षं गारगोटीची गाडी केली होती. नऊ थांब्यांवर मिळून आप्पांनी आपला सगळा गोतावळा बसवला. आणि घरातही नावं परत आली. विश्वासचा फोन आला की आप्पा मनातल्या मनात चिंचबनापर्यंत चालत जायचे आणि म्हणायचे, "जुईला दे."

"माझा थांबा कुठला?" उत्तरानं एकदा विचारलं. विचारताना आवाज कोरडा ठेवला होता.

"बारव. शेवटचा."

"शेवटचा का?"

"शेवटपर्यंत गाडीत कोण आहे? तूच की." आप्पांनी चिमटा वाजवला. "शिवाय सोपं आहे. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर काय ओरडतो? उतरा, उतरा! उतरा म्हटलं की उत्तरा. विसरीन म्हटलं तरी विसरायचो नाही."

ह्याला दोन वर्षं झाली. आणि मग चौथ्या भागाची वेळ आली.

धैर्यशीलनं 'विस्तारक' नावाचं यंत्र आणलं होतं. दुसऱ्या भागातल्या यंत्राला वीस घरंच येत होती. ह्याला गाव दिलं तर ते त्या गावाला पोटं, भांडणं आणि उकिरडे द्यायचं. तिसऱ्या भागाचं खोरं बियाणं म्हणून त्याला घालायचं, आणि गोष्टीत जे जे अंतर सांगितलंय, ते खरोखरीचं करायचं. एकास एक. तीन दिवसांची वाट म्हणजे तीन दिवस. दोन गावांत दोन कोस, तर दोन कोस.

"सहा किलोमीटर चारशे मीटर," उत्तरा म्हणाली, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खेळाबद्दल तिला बरं वाटलं.

अडचण एकच होती. गावकऱ्यांच्या तोंडची वाक्यं मापात बोलत नाहीत. 'हाकेच्या अंतरावर' म्हणजे किती? 'पान खाऊन होईतो'? विस्तारक प्रत्येक वाक्य वाचून त्यातलं अंतर जमिनीवर आखणार होता, म्हणून उत्तरानं त्याच्यासाठी अंतरकोश लिहिला. त्यात दोनशे साठ शब्दप्रयोग होते आणि प्रत्येकापुढं मीटर. हाकेच्या अंतरावर: दीडशे. हे तिनं रंकाळ्याच्या काठावर एका सहकाऱ्याला ओरडायला लावून मोजलं होतं. 'इथंच' ह्या शब्दापाशी मात्र ती थांबली. तिला लहानपणची आठवण झाली. सुट्टीच्या दिवशी आप्पा म्हणायचे, "चल, जोतिबाच्या वाटेवर एक झरा आहे. इथंच." आणि मग पाय मोडेपर्यंत चालणं. एकदा तर चिडून तिनं सायकलच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजले होते. साडेतीन किलोमीटर भरले. तिनं कोशात लिहिलं: इथंच (ग्रामीण): तीन हजार पाचशे मीटर. आणि खाली, यंत्राचा गोंधळ नको म्हणून, एक नियम: एका वाक्यात दोन मापं आल्यास पहिलं धरावं.

आप्पांचं काय, हा विचार तिला सुचला नाही असं नाही. सुचला होता. थांबे तेच राहणार होते, पिंपळ तोच, बारव तीच. फक्त अंतर वाढणार होतं. आप्पा आयुष्यभर सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांत जगलेले. त्यांना उलट घरच्यासारखं वाटेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि सही केली. चौथा भाग बाहेर पडला तेव्हा शेडमध्ये भडंग वाटलं गेलं. "ताईंनी शेवटी देश मोठा केला," धैर्यशील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पा वेशीतून निघाले. बारा मिनिटं चालले. चिमटा वाजला नाही.

"पिंपळ कुणी हलवला?"

"पुढं आहे, आप्पा. थोडं लांब गेलाय."

"झाड लांब जातंय होय?" ते आणखी दहा मिनिटं चालले. मग वाटेतच उभे राहिले आणि पट्ट्याला रेलले. "गाडी फेल आहे," ते म्हणाले. "पॅसेंजर दुसऱ्या गाडीनं पाठवा."

तीन आठवड्यांत तो गोतावळा उतरून गेला. आधी थोरले बंधू, मग सई, जुई. भिंतीवरच्या मालनच्या फोटोकडं बोट करून आप्पांनी विचारलं, "ह्या कुणाच्या?" आणि एका मंगळवारी उत्तरानं चहाचा कप पुढं केला तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठं उतरणार?"

उत्तरानं कप खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेली, आणि ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"मी तुम्हाला फोन करणारच होते," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "असे आणखी चौघे आलेत माझ्याकडं. जागा ताणली की जाळं थोडा वेळ तिच्याबरोबर ताणतं. मग आपल्या मूळ मापावर परत जातं. जागा आणि जाळं जुळेनासं झालं की मेंदू म्हणतो, ही जागा नवीन. खुंटी दिसतेय तीच, पण भिंतच दुसरी."

"जुनं माप परत आणलं तर?"

"जुना नकाशा बहुतेक परत येतो. पण लवकर आणा. टांगायला कुणी येत नसेल तर मेंदू खुंट्या मोडीत काढतो."

ती तशीच उद्यमनगरात गेली. धैर्यशील शेडच्या दारात चहा पीत उभा होता.

"तिसरा भाग परत चालू करा."

"कसा करू? ते खोरं दळून ह्याच्यात घातलंय, ताई. पीठ झालं. जोंधळे परत कुठनं आणू? खडावांचं नवं सॉफ्टवेअरसुद्धा जुनं खोरं ओळखत नाही. त्या कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"अकरा वर्षं माझं डोकं खाल्लं. फोडणी, ठसका, पाटलाचा तीळ! आता देश तुमच्या मापानं केला, लोक तीन-तीन दिवस चालून गडावर पोचतायत आणि दरवाजात बसून रडतायत आनंदानं, आणि तुम्ही म्हणताय बारका करा?"

"सगळा नको. एक वाट. वेस धरून नऊ थांबे." तिनं त्याला आप्पांचं सांगितलं. तिला कमी शब्दांत सांगायची सवय होती, त्यामुळं फार वेळ लागला नाही.

धैर्यशीलनं कप खिडकीत ठेवला. "कंडक्टर काका? शाळेत असताना मला पासाच्या पुढच्या स्टॉपपर्यंत न्यायचे." त्यानं खिशातून फोन काढून तारीख पाहिली. "हे बघा, जमिनीला हात लावता येत नाही. पण वाक्यांना लावता येतो. शुक्रवारी पाचला दुरुस्त्या बंद होतील. त्यानंतर थेट सहा महिन्यांनी. गावकऱ्यांच्या तोंडी काय घालायचं ते घाला, विस्तारक वाक्याचा मान राखतो. पण प्रत्येक वाक्यावर मापतपासनिसाची सही लागते, की हे अंतर बरोबर आहे."

"ते बरोबर नसणार."

"मग मापतपासनिसाशी तुम्हीच बोला," धैर्यशील म्हणाला.

प्रश्न साधा होता. गोष्टीप्रमाणं वेस ते पिंपळपार सहा किलोमीटर चारशे मीटर. गावकरी म्हणणार दीडशे. दोन्ही खरं धरायचं तर विस्तारकापुढं एकच उपाय उरतो: जमीन दुमडायची. कापडाची घडी घातली की दोन टोकं जवळ येतात, तशी. खऱ्या जगात हे कुणाला जमलेलं नाही. खेळात ते एका ओळीनं होतं. मोठा रस्ता तसाच राहणार होता, आणि त्याच्या बाजूला एक आडवाट उमटणार होती, जी कुठल्याही भूमापकानं पाहिली तर तो नोकरी सोडून देईल.

शुक्रवारी दुपारी ती बसली. वेशीवरच्या रखवालदाराच्या तोंडी लिहिलं: "पिंपळपार? त्या बांधाकडनं जावा. हाकेच्या अंतरावर आहे." सही. पिंपळाखालच्या न्हाव्याच्या तोंडी: "कुंभारवाडा हाकेच्या अंतरावर." सही. अकरा वर्षं लोकांच्या ज्या वाक्यांवर तिनं लाल रेघा मारल्या, तीच ती आता स्वतः लिहीत होती, आणि खाली 'अंतर तपासले, बरोबर आहे' असं म्हणत होती. सात वाक्यं झाली. आठवं देवराईतल्या धनगर म्हातारीचं. पाचला सहा मिनिटं कमी होती. घरून शेजारच्यांचा फोन आला, की आप्पा गॅलरीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'पुढं सरका' म्हणतायत. फोन कानाला तसाच ठेवून तिनं उरलेलं वाक्य भरभर लिहिलं, म्हातारी बोलेल तसं. सही केली. पाठवलं.

सोमवारी सकाळी आडवाट उमटली. आप्पा नाखुशीनंच उभे राहिले. रखवालदारानं बांधाकडं हात केला. दोनशे पावलं. आप्पा थांबले. हाताची बोटं हलली, चिमट्यासाठी. उत्तरानं तो त्यांच्या हातात दिला.

टक्‌.

"पिंपळपार," आप्पा हळूच म्हणाले. मग खणखणीत: "पिंपळपाऽऽर! ये, मालन. कधीची उभी आहेस?"

एकदम सगळं आलं नाही. कुंभारवाड्यात पहिला आठवडा कुणीच चढलं नाही. चिंचबनात विश्वास आला, मुली गुरुवारी आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी देवराईत शौकत ड्रायव्हर चढले आणि आप्पा त्यांच्याशी डिझेलवरून भांडले. राहिला एकच थांबा.

देवराईतून आप्पा पुढं निघाले. दोनशे पावलं झाली. चारशे. बारव दिसेना. आठशे पावलांवर ते दमून थांबले.

उत्तरानं विस्तारकाची नोंद उघडली. देवराई ते बारव: तीन हजार पाचशे मीटर. मग तिनं आपलं वाक्य वाचलं.

"बारव व्हय? ही काय, इथंच, हाकेच्या अंतरावर."

एका वाक्यात दोन मापं आल्यास पहिलं धरावं.

अकरा वर्षांत एकच वाक्य तिनं न मोजता, बोलतात तसं लिहिलं होतं. यंत्राची चूक काढायला जागाच नव्हती. कोश तिचा, नियम तिचा, सही तिची. आणि पुढची दुरुस्ती सहा महिन्यांनी.

तिनं धैर्यशीलला फोन केला. तो हसला नाही, हे तिनं त्याच्या खात्यावर जमा धरलं. "ताई, खरंच हात बांधलेत," तो म्हणाला. "पण खडावांचा एक जोड पाठवतो. तुमच्या मापाचा. तुम्ही अकरा वर्षांत एकदाही आपल्या खेळात चालला नाहीत, माहीत आहे?"

हे खरं होतं. तिनं तो मोजला होता फक्त.

बुधवारी सकाळी सातला सोप्यात दोघं उभे राहिले. आप्पा पट्ट्यात, उत्तरा कपाटाला हात टेकून. गोळ्यांवर पाय ठरेनात, तिच्या तोंडी दोनदा शिव्या आल्या. चष्मा लावला तेव्हा पहाटेचं खोरं समोर उघडलं. शेवाळ, धुकं, कुठंतरी उकिरड्यावर भांडणारे कोंबडे. चांगलं केलं होतं. तिनं मनाविरुद्ध कबूल केलं.

आप्पा मागं वळले. "मॅडम, कुठं?"

"बारव."

"शेवटचा स्टॉप. बसा निवांत." त्यांनी हवेतच एक तिकीट फाडून तिच्या हातात दिलं, आणि तिनं ते घेतलं.

पिंपळपारापासून देवराईपर्यंत सातही थांब्यांवर गाडी भरत गेली. देवराईच्या पुढं वाट चढणीची होती. आप्पा शौकतशी बोलत होते, मालनला खिडकी मिळाली का विचारत होते, मधूनच पाठीमागच्या मॅडमना उन्हाचं काही वाटत नाही ना, म्हणून चौकशी करत होते. अर्ध्या तासानं त्यांना वाटेवरच्या दगडावर, म्हणजे सोप्यातल्या स्टुलावर, बसवून तिनं पाणी दिलं. तिचे गुडघे भरून आले होते. चष्म्याच्या कोपऱ्यात अंतर दिसत होतं: झालेलं चौदाशे, उरलेलं एकवीसशे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, उशीर करू नका. एकवीसशे मीटर. आप्पांचे पाय पुरतील का, ह्याचा तिला अंदाज नव्हता, आणि अंदाज नसणं ही गोष्ट तिला मुळीच सोसत नसे.

"अजून किती लांब आहे हो?" शेवटी तिनं विचारलं. दहा वर्षांची असताना विचारायची, त्याच वैतागानं.

आप्पा उठून उभे राहिले. धुक्याकडं हात केला.

"ही काय," ते म्हणाले, "इथंच."

उत्तरानं हात वर करून चष्म्यातला आकडा बंद केला.

ते चालत राहिले. किती, हे तिला सांगता आलं नसतं. ऊन वर आलं, चिमटा मधूनच वाजत राहिला, एकदा आप्पा इतके हळू झाले की आता पट्ट्याला रेलतात असं वाटलं, पण ते झाडाच्या सावलीसाठी थांबले होते. मग वाट उतरली, आणि खाली काळ्या दगडांची बारव दिसली. पायऱ्या पाण्यापर्यंत गेलेल्या, कडेला उंबर.

आप्पा काठावर येऊन उभे राहिले. एकदा टक्‌. गाडी थांबली.

"चला, लास्ट स्टॉप!" ते ओरडले. "उतरा, उतरा! उतरा..."

चिमटा हातातच राहिला. त्यांनी चष्मा काढला. घरचा सोपा होता, झोपाळ्याची कडी होती, आणि समोर घामानं भिजलेली, खडावांवर डगमगणारी एक पन्नाशीची बाई.

"उत्तरे," आप्पा म्हणाले. "तू कधी चढलीस?"

"गाडीतच होते की."

"मग बोलायचं नाही?" ते तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांना काहीतरी आठवलं, कपाळावर आठी आली, आणि त्यांनी दुखरा गुडघा चोळला. "आणि ही बारव कुणी नेऊन ठेवली एवढ्या लांब?"

"मीच, आप्पा."

"धन्य आहेस," आप्पा म्हणाले. "जरा मोजून ठेवायची की, पोरी."